सागरविहारातील भाषेचे ओझे

'फिरंगी' हा शब्द मराठीत इतका जुना आहे की तो बाहेरून आला याची आठवणही आपणांस उरलेली नाही. शिवकालात तो पोर्तुगीजांना लावला जात असे; पुढे टोपीवाल्या कोणत्याही गोऱ्याला तो चालू लागला. त्याचे मूळ मात्र भूमध्य समुद्राच्या काठी आहे. धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातून पूर्वेकडे आलेल्या लोकांना, मग ते फ्रेंच असोत, जर्मन असोत की इटालियन, तिकडील अरब सरसकट 'फ्रँक' समजत. अरबीतील 'फिरंज', फारसीतील 'फरंग' आणि आपला 'फिरंगी' ही त्या एकाच शब्दाची रूपे होत. या फ्रँक लोकांशी व्यवहार करता करता भूमध्य समुद्राच्या बंदरांतून जी मिश्र बोली तयार झाली, तिला 'लिंग्वा फ्रांका' असे नाव पडले. त्याचे सरळ मराठी करावयाचे तर 'फिरंगी बोली' असेच करावे लागेल.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून भाषेचा प्रश्न निघाला की 'लिंग्वा फ्रांका' हे शब्द हटकून ऐकू येतात. हिंदी असावी की इंग्रजी, यावर मतभेद असले तरी अशी एक सामाईक भाषा असली म्हणजे सर्व सुरळीत होईल, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत असते. आम्हांला या एकमताचीच थोडी शंका येते. सामाईक भाषा ही आपोआप उगवत नाही. ती शिकण्याचे श्रम कोणीतरी करावे लागतात. हे श्रम कोणी केले आणि कोणी चुकविले, हा प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही जोडभाषेचा इतिहास पुरा होत नाही. तो विचारण्यास प्रवासी जहाजासारखे दुसरे स्थळ नाही. तेथे दहा देशांची माणसे एका लाकडी किंवा लोखंडी भिंतीच्या आत, मधूनच उठून जाण्याची सोय नसताना, एकत्र राहतात. म्हणून युरोपच्या समुद्रांतील प्रवासाचा आणि सागरविहाराचा इतिहास या एका अंगाने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ अर्थातच फिरंगी बोलीपासून केला पाहिजे. सोळाव्या-सतराव्या शतकांत अल्जिअर्स हे चाचेगिरीचे मोठे केंद्र होते. ख्रिस्ती जहाजे पकडून त्यांवरील माणसे तेथे गुलाम म्हणून विकली जात. १६१२ साली स्पेनमध्ये दिएगो दे आएदो याच्या नावाने अल्जिअर्सचे एक विस्तृत वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात त्या शहरी तुर्की, अरबी आणि तिसरी फिरंगी अशा तीन भाषा बोलल्या जातात, असे म्हटले आहे. तिसरी ही इटालियन, स्पॅनिश आणि काही पोर्तुगीज शब्द यांची मोट. तिचे व्याकरण एखाद्या पोस्टकार्डावर मावेल एवढेच होते. क्रियापद चालवावयाचे नाही, त्याचे मूळ रूप घ्यावयाचे आणि मागे 'मी' किंवा 'ती' जोडावयाचे. 'मी' म्हणजे मी, 'ती' म्हणजे तू. 'मी जाणे', 'ती जाणे' अशा धर्तीचे हे बोलणे. जाणण्याच्या अर्थाचे 'साबीर' हे क्रियापद त्यात इतके वारंवार येई की पुढे त्या बोलीलाच 'साबीर' हे नाव पडले. मोल्येरने १६७० साली आपल्या एका नाटकात रंगभूमीवरील तुर्काच्या तोंडी तीच घातली, आणि पॅरिसच्या प्रेक्षकांना ती समजलीही.

या बोलीला ग्रंथ नव्हते, शाळा नव्हती, अभिमानही नव्हता. तथापि तिच्यात एक गुण होता, आणि आमच्या मते तो फार महत्त्वाचा आहे. ती कोणाचीच मातृभाषा नव्हती. गुलाम ती मोडकी बोले आणि धनीही मोडकीच बोले. गुलामाच्या पायातील बेडी त्यामुळे सैल होत नसे, हे खरे. परंतु बोलण्यापुरते तरी दोघेही आपापल्या घरातून निघून अर्ध्या वाटेवर भेटत. भाषेचे ओझे दोघांच्या खांद्यांवर होते. १८३० साली फ्रेंच सैन्य अल्जिअर्सवर चालून गेले, त्याच वर्षी मार्सेय येथे या बोलीचा एक छोटा कोश सैन्याच्या उपयोगासाठी छापला गेला. त्या बोलीचा तो पहिला आणि बहुधा शेवटचाच व्यवहारोपयोगी कोश. कारण फ्रेंच सत्ता स्थिरावली आणि अर्ध्या वाटेवर भेटण्याचे कारण उरले नाही. राज्यकर्त्याची भाषा प्रजेने शिकावी, हा नवा नियम झाला आणि फिरंगी बोली काही दशकांतच विरून गेली.

याच सुमारास समुद्रावर वाफेची जहाजे आली. वाऱ्याची वाट पाहणे संपले, वेळापत्रक आले, आणि वेळापत्रकाबरोबर केवळ मौजेसाठी प्रवास करणारा एक नवा वर्ग निर्माण झाला. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने आपल्या टपालाच्या जहाजांची जुळणी करून साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राच्या सफरी सुरू केल्या. या सफरींची प्रसिद्धी व्हावी म्हणून कंपनीने कादंबरीकार थॅकरे यास फुकट प्रवास घडविला, आणि त्याने १८४६ साली त्यावर पुस्तक लिहून त्याची फेड केली. लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, स्मर्ना, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, कैरो अशी ती वाट होती. इतक्या देशांतून जाणाऱ्या माणसाला निदान चार भाषा तरी याव्यात, असे कोणालाही वाटेल. परंतु या प्रवासाची खुबी अशी की एकही परकी भाषा न येता तो करता येई. जहाज हे तरंगते इंग्लंडच होते. जेवण इंग्रजी, गप्पा इंग्रजी, रविवारची प्रार्थना इंग्रजी. खलाशांच्या बोलीत वाऱ्यापावसाबरोबर बंदरोबंदरीचे शब्द येत. प्रवासी मात्र बंदराच्या धक्क्यापर्यंत आपली भाषा बरोबर घेऊन जाई.

धक्क्यावर उतरल्यावर काय? तेथे दुभाष्या उभा असे. तुर्की साम्राज्याच्या बंदरांत त्याला 'ड्रॅगोमन' म्हणत. हा शब्द अरबी 'तर्जुमान' वरून युरोपात गेला. त्याच कुळातला 'तर्जुमा' आपल्याकडे दप्तरांतून आला. एकाच शब्दाची एक शाखा युरोपियन सहलवाल्यांच्या मागे धावली आणि दुसरी आमच्या फायलींत येऊन बसली, हे पाहून कारकुनी पेशाच्या माणसाला थोडी मौज वाटते. ड्रॅगोमन बहुधा ग्रीक, आर्मेनियन, ज्यू अथवा सिरियन असे. त्याला तुर्की, अरबी, ग्रीक, इटालियन, फ्रेंच येई. आणि इंग्रज प्रवासी वाढू लागले तशी इंग्रजीही त्याने उचलली. ज्याच्याजवळ पैसा होता त्याला एकच भाषा येत होती, आणि ज्याला पाच येत होत्या तो बक्षिसीसाठी हात पुढे करून उभा होता.

ज्यांना दुभाष्याचा खर्च नको असे त्यांच्यासाठी संभाषणाची पुस्तके निघाली. लंडनचा मरे आणि जर्मनीतील बेडेकर या दोघाही प्रवासपुस्तकांच्या प्रकाशकांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन अशा चार भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी छापली. ही पुस्तके म्हणजे प्रश्नांची भांडारे होती. घोडे कोठे मिळतील, बिछाना कोरडा आहे काय, जकातीचे नाके कोठे आहे, वैद्याला बोलावता काय. प्रश्न छापलेले असत. उत्तर देणारा मात्र छापील उत्तर देत नसे. त्यामुळे प्रश्न शुद्ध आणि उत्तर अगम्य, असा प्रकार होई.

१८६७ सालच्या जून महिन्यात 'क्वेकर सिटी' हे जहाज न्यूयॉर्कहून युरोप आणि पवित्रभूमीच्या सफरीवर निघाले. त्यावर मार्क ट्वेन होता, आणि त्याने १८६९ साली लिहिलेल्या वृत्तान्तामुळे ती सफर अजरामर झाली. या अमेरिकन मंडळींनी एक सोपी युक्ती काढली होती. गावोगावच्या वाटाड्यांची नावे उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी प्रत्येक वाटाड्याचे नाव फर्ग्युसन ठेवून दिले. पुण्याच्या महाविद्यालयाशी या नावाचा संबंध नाही, हे सांगणे नलगे. ट्वेनचा विनोद पुष्कळदा स्वतःच्याच मंडळींवर उलटतो, आणि आपले फ्रेंच फ्रेंचांनाच कळत नाही हेही तो दिलखुलासपणे सांगतो. तरीही त्या नामकरणात सागरविहाराचा सारा भाषाव्यवहार सामावला आहे. ज्याची भाषा शिकावयाची नाही, त्याचे नावही शिकण्याची गरज राहत नाही.

पुढे हा व्यवसाय रीतसर उभा राहिला तो जर्मनीत. हिवाळ्यात अटलांटिक समुद्र खवळलेला असे, प्रवासी घटत आणि मोठी जहाजे रिकामी पडून राहत. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीन याने २२ जानेवारी १८९१ रोजी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेन येथून भूमध्य समुद्राकडे पाठविले, आणि स्वतःही त्यावर गेला. दोन महिन्यांची ती सफर यशस्वी झाली. कोठे जाण्यासाठी नव्हे, तर जहाजावर राहण्यासाठीच जहाजावर चढावयाचे, ही कल्पना तेथून रुजली. अटलांटिकवर अमेरिकनांची ने-आण करणाऱ्या या जर्मन कंपन्यांच्या स्टुअर्डांना इंग्रजी येणे हा धंद्याचा भागच होता. प्रवाशाने दुसऱ्याची भाषा शिकावी अशी अपेक्षा कोणीही केली नाही.

आतापर्यंत आम्ही वरच्या मजल्याविषयी बोललो. आता खाली उतरले पाहिजे. तेथे आपलीच माणसे भेटतात.

पी. अँड ओ. च्या जहाजांवर फार मोठ्या संख्येने हिंदी खलाशी असत, आणि त्यांची वाटणी ठरलेली होती. डेकवर कोकण आणि गुजरात येथील दर्यावर्दी, यंत्राच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, आणि सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती. इंग्रज या सर्वांना 'लास्कर' म्हणत. त्यांची एक वेगळीच भाषा होती. तिला 'लष्करी' असे नाव पडले. १८११ साली टॉमस रोबक याने कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयन-कोश प्रसिद्ध केला. १८८२ साली जॉर्ज स्मॉल याने त्याची सुधारून नवी आवृत्ती काढली. अलीकडे, २००८ साली, अमिताव घोष यांनी आपल्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीत या बोलीला पुन्हा वाचा दिली. लष्करीत 'सारंग' फारसी आहे, 'सुकाणी' अरबीतून आला, पुढच्या डोलकाठीचे नाव 'त्रिकट' पोर्तुगीजांनी दिले, आणि शीड उतरविण्याचा हुकूम 'आर्या' हाही पोर्तुगीजच. म्हणजे अल्जिअर्सला जसे एक गाठोडे बांधले गेले होते, तसेच दुसरे हिंदी महासागरावर बांधले गेले.

परंतु दोहोंत एक भेद आहे, आणि तो व्याकरणात दिसतो. फिरंगी बोलीत क्रियापदाचे मूळ रूप चाले. प्रवाशांच्या पुस्तकांत प्रश्नार्थ चाले. लष्करी कोशांत ठायी ठायी भेटतो तो आज्ञार्थ. ओढा, सोडा, उतरवा, बांधा, थांबा. इंग्रज अधिकाऱ्यांसाठी 'मालिम साहेबांची हिंदुस्थानी' या अर्थाचे नाव असलेले एक हस्तपुस्तकही होते. साहेबाने खलाशाची भाषा शिकावी, ही गोष्ट इतिहासात दुर्मिळ आहे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. भर वादळात शीड वेळेवर उतरले नाही तर साहेबही बुडतो, हे समुद्राने त्याला शिकविले होते. मात्र ही भाषा वरून खाली जाण्यापुरतीच होती. खालून वर काही सांगावयाचे असेल तर ते सारंगामार्फत जाई.

गोव्याच्या स्टुअर्डाची गोष्ट याहून वेगळी. तो खाणाऱ्याच्या पाठीशी उभा राही, आणि खाणाऱ्याचे बोलणे त्याला समजावे लागे. जहाज मिळेपर्यंत तो मुंबईस धोबी तलावाच्या बाजूला आपल्या गावच्या 'कूड' मध्ये राही. तेथे गावची कोंकणी, गावचा संत आणि गावचीच माणसे. पुढे जहाजावर चढला की त्याच माणसाच्या तोंडी अधिकाऱ्यांशी इंग्रजी, सारंगाच्या माणसांशी हिंदुस्थानी आणि आपल्या सोबत्यांशी कोंकणी. भूमध्य समुद्राच्या सफरीवर त्याने सूप वाढलेल्या इंग्रज कुटुंबाला यांपैकी एकच भाषा ऐकू येत असे. बाकीच्या भाषा भिंतीपलीकडे, भांड्यांच्या आवाजात मिसळून जात.

जिभेचे हे असमान वाटप चालू असता एकोणिसाव्या शतकात समुद्रावर एक अपूर्व प्रयोग झाला. १८५७ साली ब्रिटिश व्यापारखात्याने जहाजांसाठी निशाणांची संकेतावली प्रसिद्ध केली. अवघी १८ निशाणे, आणि त्यांच्या जुळणीतून सुमारे ७०,००० संकेत. पुढे तिचीच आंतरराष्ट्रीय संकेतावली झाली. १९३० च्या सुमारास ती सात भाषांत निघाली आणि १९६५ साली मान्य झालेल्या नव्या संकेतावलीत रशियन व ग्रीक मिळून नऊ भाषा झाल्या. नॉर्वेच्या कप्तानाने निशाण चढवावे, जपानच्या कप्तानाने आपले पुस्तक उघडावे, आणि दोघांनाही एकमेकांचा एक शब्द येत नसता अर्थ पोहोचावा. निळ्या चौकटीतील पांढरा चौकोन बंदरात चढला की जहाज निघण्याच्या बेतात आहे, सर्वांनी परतावे. तांबड्या-पिवळ्या त्रिकोणांचे निशाण चढले की माणूस पाण्यात पडला आहे. या भाषेत उच्च-नीच नाही, कारण ती कोणाच्याच घरची नाही. फिरंगी बोलीचा तो गुण येथे पुन्हा अवतरला.

तरी शब्दांचा धोका टळला नाही. सुकाणूच्या हुकुमांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जुन्या काळी 'स्टारबोर्ड', म्हणजे उजवीकडे, असा हुकूम दिला तर सुकाणूचा दांडा उजवीकडे नेत, आणि त्यामुळे जहाज डावीकडे वळे. चाक आले तरी ब्रिटिशांनी आणि इतर काहींनी जुनाच अर्थ चालविला. कित्येक राष्ट्रांनी तो सोडला. एकच शब्द, आणि निशाण बदलले की अर्थ उलटा. १९२९ च्या लंडन येथील सागरी सुरक्षा परिषदेने जिकडे जहाज वळवावयाचे तिकडचेच नाव घ्यावे असे ठरविले, आणि १९३३ च्या आरंभापासून ब्रिटिश जहाजांवर ते अंमलात आले. सामाईक शब्द असणे आणि सामाईक अर्थ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यास इतका काळ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांनी समुद्र ओलांडण्याचे काम हिरावून घेतले, आणि मोठमोठी प्रवासी जहाजे विहाराकडे वळली. १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या वाटेसाठी निघालेले पी. अँड ओ. चे 'कॅनबेरा' १९७० नंतर विहारालाच लागले आणि १९९७ पर्यंत चालले. जहाजांचे मालक एका देशाचे, नोंदणी दुसऱ्या देशाची, अधिकारी तिसऱ्या देशाचे आणि नोकर तीस-चाळीस देशांचे, अशी रचना रूढ झाली. आज भूमध्य समुद्रातील एखाद्या इटालियन जहाजावर एकच सूचना इटालियन, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश अशा पाच भाषांतून ओळीने ऐकू येते. भोजनाच्या मेजावर एकभाषी कुटुंबे एकत्र बसविली जातात. फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारत येथून आलेल्या नोकरांच्या छातीवरील पट्टीवर नावाखाली देशाचे नाव असते. त्यांत गोव्याची, मुंबईची आणि कोकणची मुले आजही आहेत. पाच भाषांत 'सुप्रभात' म्हणणे हे त्यांच्या कामापैकी एक काम होय. प्रवाशांपैकी फार थोड्यांना या मुलांच्या भाषेत ते म्हणता येत असेल.

यात अन्याय आहे असे आम्ही लगेच म्हणणार नाही. जो पैसे देतो त्याची भाषा जो पैसे घेतो त्याने बोलावी, हा बाजाराचा जुना नियम आहे, आणि समुद्र शांत असेतो तो निभावतो. हसून, बोटाने दाखवून, दोन शब्द इकडचे व दोन तिकडचे घेऊन माणसे आनंदाने दिवस काढतात. कॉफी मागितली आणि चहा आला, तर काही बिघडत नाही. बिघडते ते दिवे गेल्यावर.

७ एप्रिल १९९० च्या रात्री ऑस्लोहून डेन्मार्ककडे जाणाऱ्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या जहाजास आग लागली. त्या आगीत १५९ माणसे मृत्युमुखी पडली. जहाज त्या मार्गावर नव्यानेच आणलेले होते आणि नोकरवर्ग घाईने गोळा केलेला होता. त्यांत पोर्तुगीज पुष्कळ होते. अनेकांना नॉर्वेजियन, डॅनिश किंवा इंग्रजी यांपैकी काहीच नीट येत नव्हते. धुराने भरलेल्या बोळातून बाहेर पडण्याची वाट ठाऊक असणे पुरेसे नसते. ती दुसऱ्याला सांगताही यावी लागते.

२८ सप्टेंबर १९९४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर ताल्लिनहून स्टॉकहोमला निघालेले 'एस्टोनिया' बाल्टिक समुद्रात बुडाले. जहाजावर ९८९ माणसे होती. त्यांपैकी ८५२ गेली. बुडण्याचे कारण भाषा नव्हे. जहाजाच्या नाळेवरील अवजड झाकण लाटांच्या माऱ्याने निखळले आणि पाणी आत शिरले. परंतु जहाज कलू लागल्यावर ध्वनिक्षेपकावरून एका स्त्रीचा क्षीण आवाज आला. जहाजावर धोका आहे, एवढेच ती सांगत होती, आणि ते एस्टोनियन भाषेत. प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक स्वीडिश होते. त्या बाईला दोष देण्याची आमची छाती नाही. मरणाच्या दारात माणसाच्या तोंडून आपलीच भाषा निघते. म्हणूनच दुसऱ्याची भाषा त्यापूर्वी, निवांतपणी शिकलेली असावी लागते.

तिसरे उदाहरण खास सागरविहाराचेच आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कोंकोर्डिया' खडकावर आदळले. जहाजावर ४,२२९ माणसे होती. ३२ दगावली, आणि त्यांत जहाजावरचा एक भारतीय वेटरही होता. जहाजाची कामकाजाची भाषा इटालियन होती. सुकाणूचे हुकूम इंग्रजीत दिले जात होते. सुकाणूवाला इंडोनेशियन होता. काही हुकूम त्याने चुकीचे पाळले, असे चौकशीत दिसून आले. ती चूक झाली नसती तरी जहाज आदळलेच असते, असे तज्ज्ञांनी न्यायालयात सांगितले, आणि मूळ अपराध बेटाच्या इतक्या जवळून जहाज नेणाऱ्या कप्तानाचा होता. परंतु आम्हांला दुसरी गोष्ट अधिक बोचते. जहाज आदळल्यावर प्रवाशांना सांगण्यात आले की वीज बंद पडली आहे, चिंतेचे कारण नाही. ही सूचना समजण्यात कोणाची अडचण झाली असे नव्हे. ती खरी नव्हती. त्या संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांना तर संकटात कोठे जमावयाचे हेही दाखविलेले नव्हते. पाच भाषा येत असूनही सांगणाऱ्याच्या मनात सांगावयाचे नसेल, तर त्या पाचही मुक्या होतात.

या मृत्यूंतून काही नियम जन्मास आले. १९९५ साली खलाशांच्या शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार सुधारण्यात आला. संकटात प्रवाशांना मदत करणाऱ्या नोकरांना त्या वाटेवरील प्रमुख प्रवाशांच्या भाषेचा विचार करून बोलता आले पाहिजे. निदान साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देता आल्या पाहिजेत. आणि तेही शक्य नसेल तर हाताच्या खुणांनी वाट दाखविता आली पाहिजे, असे त्यात आले. हाताची खूण कायद्याच्या कलमात लिहिली गेली, हे वाचून आम्हांला त्या मसुदा करणाऱ्यांविषयी आदर वाटला. २०१५ च्या आरंभापासून प्रवाशांची संकटकाळची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. पूर्वी त्यास २४ तासांची मुभा होती.

त्याच ओघात २००१ सालच्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवरील संभाषणाची प्रमाण वाक्ये मान्य केली. या वाक्यांची शिस्त पाहण्याजोगी आहे. संदेशापूर्वी तो कोणत्या जातीचा हे सांगावयाचे : आदेश, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती, किंवा हेतू. दिशेचे अंक सुटे सुटे उच्चारावयाचे. सुकाणूवाल्याने प्रत्येक हुकूम स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवावयाचा. आणि इंग्रजीतील 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' ही संदिग्ध क्रियापदे शक्य तेथे टाळावयाची. आमचा सारा जन्म ज्या टिप्पणींत जातो त्यांतून ही चार क्रियापदे काढली, तर कागदावर विशेष काही उरणार नाही. 'मान्यता देता येऊ शकेल असे वाटते' असे लिहिणाऱ्याला जबाबदारीतून सुटण्यास वाट राहते. समुद्रावर ती वाट बंद केलेली आहे, कारण तेथे संदिग्धतेची किंमत दुसऱ्याला जिवाने द्यावी लागते.

येथे आपणा सर्वांविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. घरापासून दूर बदलीच्या गावी राहणारे आपण मराठी नोकरदार एका अर्थी या जहाजाचेच उतारू आहोत. दिल्लीत असो, कलकत्त्यास असो की शिलाँगला, आपले चालते. भाजीवाला आपले हिंदी समजून घेतो, कचेरीतील शिपाई आपल्या इंग्रजीचा अर्थ अंदाजाने लावतो, आणि वीस वर्षे एका गावी काढूनही तेथील भाषेतील पाटी न वाचता येणारी माणसे आपल्यांत कमी नाहीत. आपण त्याला सामाईक भाषेचा विजय समजतो. बारकाईने पाहिले तर तो भाजीवाल्याच्या आणि शिपायाच्या श्रमाचा विजय असतो. ड्रॅगोमनने केले, गोव्याच्या स्टुअर्डाने केले, तेच ते करीत असतात. मराठी मंडळाची ग्रंथालये आपण जिद्दीने चालवितो, गणेशोत्सव करतो, हे योग्यच आहे. गोवेकरांनी कूड चालविल्या त्या याच ओढीने. परंतु त्यांच्या कूडीच्या दारातून बाहेर पडणारा माणूस चार भाषा घेऊन बाहेर पडे, हेही लक्षात ठेवावयास हवे.

फिरंगी बोली कोणालाच नीट येत नव्हती. तरी ती काही शतके टिकली, कारण ती बोलणारा प्रत्येक जण आपल्या घरातून थोडा बाहेर आलेला होता. त्यानंतरच्या जहाजांवर भाषा शुद्ध झाल्या, कोश मोठे झाले, ध्वनिक्षेपक आले. परंतु बाहेर यावयाचे ते खालच्या मजल्यावरच्यानेच, अशी वहिवाट पडली. संकटाच्या वेळी ही वहिवाट उपयोगी पडत नाही, हे बाल्टिक समुद्राने आणि जिल्योच्या खडकाने दाखविले. आता निदान नियम सांगतो की ज्याच्या हाती हुकूम आहे, त्याचे म्हणणे ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही त्याचीच. हा नियम जहाजापुरता लिहिला गेला आहे. ज्या कचेऱ्यांतून परक्या भाषेच्या रयतेला रोज आदेश जातात, तेथेही तो लावून पाहण्यास हरकत नसावी.